हास्केल (प्रोग्रॅमिंगची भाषा)

हास्केल ही शुद्ध फंक्शनल पद्धतीची संगणकभाषा. इथे कार्यक्रम फंक्शने जोडून रचतात; फंक्शन म्हणजे काही दिले की त्यावरून उत्तर काढणारा नियम. शुद्ध म्हणजे फंक्शनला तेच दिले की दर वेळी तेच मिळते. फाइल लिहिणे, पडद्यावर छापणे असे बाहेरच्या जगाला हात लावणारे काम असेल, तर ते फंक्शनच्या टाइपमध्येच (ते काय घेते आणि काय देते याच्या वर्णनात) उघडपणे नोंदलेले असते. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ हास्केल ब्रुक्स करी (१९००–१९८२) यांचे नाव तिला दिलेले आहे.

१९८७ साली ऑरेगनमधल्या पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत या भाषेचे ठरले. त्या वेळी अशा धाटणीच्या डझनाहून अधिक भाषा निरनिराळ्या विद्यापीठांत नांदत होत्या. त्यांतली सर्वांत प्रौढ भाषा म्हणजे डेव्हिड टर्नर यांची मिरांडा (१९८५), पण ती एका कंपनीच्या मालकीची होती. सर्वांना खुली असलेली एक सामाईक भाषा हवी म्हणून समिती बसली आणि १ एप्रिल १९९० रोजी पहिला अहवाल निघाला. पुढे हास्केल ९८ आणि हास्केल २०१० ही दोन प्रमाण रूपे ठरली. प्रत्यक्षात मात्र आज भाषेची दिशा ठरते ती ग्लासगो विद्यापीठात सुरू झालेल्या जीएचसी या कंपायलरमधून, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात नेणाऱ्या कार्यक्रमातून.

इंदूरच्या मराठी घरांतून या क्षेत्रात येणारी मुले बहुधा सी, जावा किंवा पायथन शिकून आलेली असतात. हास्केलमध्ये ती पहिल्यांदा अडखळतात ती ‘लेझी इव्हॅल्युएशन’पाशी, म्हणजे उत्तर लागेल तेव्हाच गणित करण्याच्या रीतीपाशी. त्याला ‘आळशी’ म्हणणे मला पटत नाही. ‘गरजेपुरते’ हा शब्द नेमका आहे. खजराण्याच्या गणपतीला नेमाने जाणारी आजी विचारते, “पुढची संकष्टी कधी?” तिला सगळ्या संकष्ट्या नको असतात, पुढची एक हवी असते. कॅलेंडर वर्षभराच्या छापून मोकळे होते. हास्केलमध्ये ‘आजपासूनच्या सर्व संकष्ट्या’ अशी न संपणारी यादी सरळ लिहिता येते आणि तिच्यातली पहिली मागितली, तर तेवढीच काढली जाते. एकदा काढलेली तिथी त्या यादीत तशीच राहते. पुन्हा विचारले की नव्याने गणित होत नाही. याची दुसरी बाजूही आहे. न केलेल्या हिशोबांचा ढीग नकळत साचतो, मेमरी भरते आणि चूक कुठे आहे ते शोधताना अनुभवी माणसाचाही दिवस जातो.

विद्यापीठाबाहेर ही भाषा कुठे चालते? दस्तऐवज एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारे पॅनडॉक हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेले काम हास्केलमध्येच आहे. फेसबुकने स्पॅम रोखणाऱ्या यंत्रणेचे नियम हास्केलमध्ये लिहायला घेतले. कार्डानो ही ब्लॉकचेनही हास्केलमध्येच बांधलेली आहे. आपल्याकडचे ठळक उदाहरण बंगळुरूचे : जसपेने उभारलेल्या, रिक्षा मिळवून देणाऱ्या ‘नम्मा यात्री’ ॲपची सर्व्हरकडची बाजू हास्केलमध्ये आहे आणि तिचा कोड खुला आहे. मोठा, रोज वापरात असलेला हास्केल कोड वाचायचा असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी.

नोव्हेंबर २०२० मध्ये हास्केल फाउंडेशन ही संस्था जाहीर झाली. भाषेच्या साधनांची निगा ही तोवर बरीचशी स्वयंसेवकांच्या सवडीवर होती. जीएचसी ९.६ (२०२३) मध्ये वेबअसेंब्ली आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपांत कोड तयार करण्याची प्रायोगिक सोय आली, म्हणजे हास्केलचा कार्यक्रम ब्राउझरपर्यंत पोचू लागला. त्याच आवृत्तीपासून चुकांच्या संदेशांना क्रमांक मिळाले. टाइप जुळत नसेल तर ८३८६५ हा क्रमांक दिसतो, आणि क्रमांकावरून उदाहरणासह खुलासा शोधता येतो. नवशिक्यासाठी हा बदल मला वेबअसेंब्लीहूनही मोलाचा वाटतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिरांडाचे कर्ते टर्नर वारले. त्यांनी १९७९ मध्येच करींच्या कॉम्बिनेटरांवर (चलांशिवाय चालणाऱ्या मोजक्या मूळ फंक्शनांवर) कार्यक्रम चालवण्याची रीत दाखवली होती. हास्केलच्या आद्य मंडळींपैकी लेनार्ट ऑगस्टसन यांनी अलीकडे लिहिलेला मायक्रोएचएस हा छोटा कंपायलर तीच रीत वापरतो आणि स्वतःलाही कंपाइल करतो.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्याला मात्र सर्वांत जवळचा बदल वेगळाच आहे. हास्केलमध्ये साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) म्हणजे युनिकोड चिन्हांची यादी. युनिकोड म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी पद्धत. ‘इंदूर’ची लांबी विचारली तर उत्तर येते ५, कारण अनुस्वार आणि दीर्घ उकार स्वतंत्र मोजले जातात. तीच यादी उलटी केली तर ‘रूदंइ’ मिळते : उकार ‘र’ला चिकटतो, अनुस्वार ‘द’वर जातो. जीएचसीच्या संवादी खिडकीत (टंकलेल्या ओळीचे लगेच उत्तर देणाऱ्या) नुसते ‘इंदूर’ टंकले तर २३११, २३०६, २३४२, २३७०, २३५२ असे आकडे समोर येतात आणि नवख्याला वाटते काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. मजकूर म्हणून छापायला सांगितले की नाव नीट उमटते.

मोठ्या मजकुरासाठी ‘टेक्स्ट’ हे पॅकेज वापरतात. डिसेंबर २०२१ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली आणि आतली साठवण यूटीएफ-१६ वरून यूटीएफ-८ वर गेली. युनिकोड चिन्हे बाइटांत मांडण्याच्या या दोन रीती. इंग्रजी अक्षराची जागा २ बाइटवरून १ वर आली, देवनागरीची २ वरून ३ वर गेली. ‘इंदूर’ला १० बाइट लागत, आता १५ लागतात. तरीही हा बदल योग्यच होता, असे माझे मत आहे. आजच्या फाइली बहुतेक यूटीएफ-८ मध्येच असतात, त्यामुळे वाचताना आणि लिहिताना करावे लागणारे रूपांतर वाचते.

एक अडचण अजून तशीच आहे. चलाला (व्हेरिएबलला) ‘घर’ असे देवनागरी नाव देता येते, पण टाइपचे नाव मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून जीएचसी आपली अक्षरे लहान धरतो; टाइपला मराठी नाव द्यायचे तर आधी एक रोमन मोठे अक्षर जोडावे लागते.