अनाहूत कॉल आणि तोतया क्रमांक

ग्राहकाने न मागितलेले, बहुधा यंत्राने लावलेले जाहिरातीचे किंवा फसवणुकीचे फोन म्हणजे अनाहूत कॉल. आपला खरा क्रमांक झाकून समोरच्याच्या पडद्यावर भलताच क्रमांक उमटवणे ही क्रमांकाची तोतयेगिरी. रोजच्या बोलण्यात दोन्हींना ‘स्पॅम’ म्हणून मोकळे होतात. पण पर्सनल लोन गळ्यात मारणारा मुलगा आणि पोलीस असल्याची बतावणी करणारा भामटा यांचा बंदोबस्त वेगवेगळ्या दारी होतो. भारतात पहिल्याचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) करते, तर दुसरा विषय मुख्यतः दूरसंचार विभागाचा आणि पोलिसांचा.

फोन उचलावा, ‘हॅलो हॅलो’ करावे आणि पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येऊ नये, हा अनुभव बहुतेकांना आहे. हे काम स्वयंचलित डायलरचे असते. कॉल सेंटरमध्ये जितकी माणसे बसलेली असतात त्याहून जास्त क्रमांक हे यंत्र एकदम फिरवते आणि जो उचलेल त्याला रिकाम्या माणसाशी जोडून देते. माणूस रिकामा नसेल तर फोन तसाच तुटतो. बोलायला माणूसच नको असेल तर ध्वनिमुद्रित आवाज लावला जातो. कंपन्या घेतात त्या एका पीआरआय जोडणीवरून (एकाच जोडणीत अनेक लाइनी देणारी सोय) एका वेळी तीस संभाषणे चालतात आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या एसआयपी जोडणीला तेवढीही मर्यादा नाही. हजार फोन करून एकच गिऱ्हाईक लागले तरी हा धंदा तोट्यात जात नाही, इतका एक कॉल स्वस्त झाला आहे.

तोतयेगिरीचे मूळ टेलिफोनच्या जुन्या रचनेत आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक पाठवण्याचे काम त्याच्याकडच्या एक्स्चेंजचे, आणि पलीकडची यंत्रणा तो मुकाट्याने खरा मानून दाखवते. टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या आणि एकमेकींना ओळखत होत्या तोवर हे खपून गेले. पुढे इंटरनेटवरून लावलेला कॉल कुठल्याही देशातून टेलिफोनच्या जाळ्यात शिरू लागला आणि क्रमांकाच्या जागी काय लिहायचे हे कॉल लावणाऱ्याच्या हाती आले. क्रमांक बदलण्यावर सरसकट बंदीही घालता येत नाही. एखाद्या रुग्णालयातल्या कुठल्याही टेबलावरून फोन केला तरी रुग्णाला स्वागतकक्षाचाच क्रमांक दिसतो, आणि त्यात गैर काही नाही.

भारतात या तोतयेगिरीचा मोठा भाग परदेशातून येई. कॉल आंतरराष्ट्रीय गेटवेवर, म्हणजे परदेशी कॉल देशाच्या जाळ्यात शिरतो त्या नाक्यावर, उतरायचा, पण पडद्यावर ९१ ने सुरू होणारा साधा भारतीय मोबाइल क्रमांक दिसायचा. वरवर पाहता उपाय सोपा होता : परदेशातून येणारा भारतीय क्रमांक अडवायचा. पण दुबईला गेलेला पुणेकर आपल्याच सिमवरून घरी फोन करतो, तेव्हा त्याचाही कॉल त्याच वाटेने, त्याच रूपात येतो. म्हणून तो क्रमांक त्या क्षणी खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का, हे त्याच्या मूळ कंपनीकडून तपासून घेणे भाग होते. अशी तपासणी करणारी केंद्रीय यंत्रणा दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केली. सुरू झाल्यापासून पहिल्या २४ तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल तोतया ठरून अडवले गेले. परदेशातून भारतीय क्रमांक दाखवत येणाऱ्या एकूण कॉलपैकी ते सुमारे ९० टक्के होते, असे सरकारने सांगितले.

ही वाट बंद होताच भामट्यांनी दुसरी धरली. परदेशी क्रमांक लपवण्याची तसदी न घेता थेट व्हॉट्सअॅपवर फोन करायचे, नाहीतर भारतातच ‘सिम बॉक्स’ बसवायचे. एकाच पेटीत डझनावारी सिमकार्डे खोचलेली असतात. इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल ही पेटी स्थानिक सिमवरून पुढे लावते, आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक अस्सल भारतीय असतो. गेटवेवरची चाळण इथे निरुपयोगी ठरते.

जाहिरातीच्या कॉलची कथा जुनी आहे. ‘डू नॉट कॉल’ नोंदवही २००७ साली आली. जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका २०११ च्या सुमारास लागू झाली, आणि सध्याचा मूळ नियम २०१८ चा आहे. १९०९ वर एसएमएस करून ग्राहक सगळ्या जाहिराती बंद करू शकतो, किंवा बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा विषयांपैकी हवे तेवढेच चालू ठेवू शकतो. यातली मेख अशी की ही नोंदवही पाळतो तो नोंदणीकृत टेलिमार्केटर, म्हणजे रीतसर नोंद करून फोनवरून जाहिरात करणारा. त्रास होतो तो साध्या दहा अंकी मोबाइलवरून फोन करणाऱ्यांचा, आणि त्यांनी ही यादी कधी उघडूनही पाहिलेली नसते. डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे याच नोंदवहीत नाव) करूनही फोन थांबत नाहीत, ही लोकांची कुरकुर त्यामुळे अगदी रास्त आहे.

या बिननोंदणीच्या मंडळींवर ट्रायने १३ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने हात टाकला. त्यांच्या सर्व जोडण्या तोडायच्या आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचे, असे कंपन्यांना बजावले. महिनाभराच्या आत पावणेतीन लाखांवर जोडण्या तुटल्या. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुरुस्तीने तक्रारीचा उंबरठाही खाली आणला. पूर्वी एकाच फोन करणाऱ्याविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तरच हालचाल होई, आता दहा दिवसांत पाच पुरतात. तक्रार करायची मुदत तीनवरून सात दिवसांवर गेली, आणि डीएनडीत नाव नसलेल्यालाही ती करता येते. एसएमएसमध्ये फोन करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि कशाबद्दल बोलला ते थोडक्यात लिहून १९०९ वर पाठवायचे किंवा ट्रायच्या डीएनडी अॅपमधून नोंदवायचे. एवढे झाले तरी त्रास ज्याला होतो त्यानेच टिपणे काढत बसायचे, हा उलटा न्याय कायम आहे.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या कामाच्या कॉलसाठी २०२४ मध्ये १६०० ची मालिका राखून ठेवण्यात आली. जाहिरात असेल तर १४०, खात्याविषयीचे खरे काम असेल तर १६००, आणि साध्या मोबाइलवरून कुणी ‘तुमच्या बँकेतून बोलतोय’ म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा, अशी ही कल्पना आहे. मालिकांचे हे गणित घरातल्या वयस्कर मंडळींनाही दोन मिनिटांत समजते.

फसवणुकीच्या कॉलचा एक नमुना देशभर सारखाच आढळतो. यंत्राचा आवाज सांगतो, ‘तुमचा मोबाइल दोन तासांत बंद होईल, माहितीसाठी ९ दाबा.’ दाबले की कुणी ‘ट्रायचा अधिकारी’ येतो. तुमच्या आधारवर घेतलेल्या दुसऱ्या सिमवरून गुन्हा घडल्याचे सांगून तो कॉल पुढच्या ‘पोलीस अधिकाऱ्या’कडे देतो, आणि तो बऱ्याचदा मुंबई पोलिसांचा म्हणवतो. मग व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश आणि ‘डिजिटल अटक’, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही अशी धमकी. ट्राय कुणालाही असा फोन करत नाही आणि अशी अटक भारतीय कायद्यात नाही. संशयास्पद कॉल दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत नोंदवता येतो. पैसे गेले असतील तर मात्र चक्षु नाही, थेट १९३० हा सायबर फसवणुकीच्या मदतीचा क्रमांक लावायचा, आणि तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

महाराष्ट्र या प्रकरणात नेहमी फोन घेणाऱ्याच्याच बाजूला होता असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. कर थकल्याची धमकी देऊन तिथून अमेरिकन नागरिकांना लुबाडले जात होते. सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेण्यात आले. अमेरिकेने पुढे २०१९ च्या अखेरीस कायदा केला आणि क्रमांकावर डिजिटल सही करणारी ‘स्टर-शेकन’ पद्धत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून बंधनकारक केली. ती इंटरनेटवर आधारलेल्या जाळ्यातच चालते. जुन्या एक्स्चेंजमधून गेलेल्या कॉलची सही वाटेतच गळून पडते.

भारतात दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार दूरसंचार ओळखीत फेरफार करणे किंवा फसवून सिम मिळवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फोन करणाऱ्याचे नाव पडद्यावर दाखवण्याची शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ट्रूकॉलर या अॅपवरचे नाव मुख्यतः लोकांनी सुचवलेले असते, तर इथे सिम घेताना अर्जावर लिहिलेले नाव येईल. दुसऱ्याच्या नावावर काढलेल्या सिमवरून फोन आला तर त्या दुसऱ्याचेच नाव झळकेल. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून पाहता येते आणि अनोळखी सिम तिथूनच बंद करायला सांगता येते.