सेर्पोलेची चपटी नळी

पाण्यावर धावणाऱ्या गाडीचे व्हिडिओ अजूनही फिरतात आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राखच की! राख पुन्हा कशी जळेल? पाण्याने गाडी पळते, पण खाली जाळ लागतो. फ्रान्सच्या लेओं सेर्पोलेने (जन्म 1858) हे किती सुरेख करता येतं ते दाखवलं.

जुन्या वाफेच्या इंजिनांचा खरा धोका बॉयलरमध्ये साठलेल्या पाण्यात होता. वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी 180 अंश सेल्सियसला उकळतं. बॉयलर फुटला की दाब उतरतो आणि इतक्या तापलेल्या पाण्याचा साधारण सातवा हिस्सा क्षणात वाफ होतो. मोकळ्या हवेत त्या वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. स्फोट होतो तो असा.

सेर्पोलेने साठाच काढून टाकला. जाड भिंतीची नळी दाबून चपटी केली, आत जेमतेम फट ठेवली. नळी आधी खूप तापवायची, मग पंपाने हवं तेवढंच पाणी सोडायचं. कुणी विचारेल, तवा फार तापला की थेंब वाफ न होता नाचत राहतात, त्याचं काय? थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तोच उष्णता अडवतो, म्हणून ते नाचतात. पण फटीत नाचायला जागा कुठली? दाबाने रेटलेलं पाणी दोन्ही अंगांनी तापल्या धातूला घासत जातं, वाफ होतं, आणि ती वाफ त्याच नळीत पुढे आणखी तापते. पुढच्या गाड्यांत तर रॉकेलचा आणि पाण्याचा पंप एकमेकांना जोडलेले होते. पाणी वाढलं की जाळही त्याच प्रमाणात वाढणार! यातली एकही गोष्ट संगणकाने सांभाळलेली नाही, हे आठवलं की मी दर वेळी थक्क होतो.

1890 मध्ये तो तीनचाकी वाफेच्या गाडीने पॅरिसहून लियोंला गेला. पुढे फ्रँक गार्डनर या अमेरिकनाच्या पैशाने ‘गार्डनर-सेर्पोले’ कंपनी उभी राहिली. 13 एप्रिल 1902 रोजी नीसच्या समुद्रकिनारी त्याची ‘ईस्टरचं अंडं’ नावाची गाडी ताशी 120.8 किलोमीटर वेगाने गेली. आधीचा विक्रम एका विजेच्या गाडीचा होता, 105.88चा. ऑगस्टमध्येच एका पेट्रोल गाडीने सेर्पोलेला मागे टाकलं.

पेट्रोल गाडीला निघण्याआधी बर्नर तापवत बसावं लागत नव्हतं. 1907 मध्ये सेर्पोले गेला आणि त्याच्याबरोबर कंपनीही. पॅरिसच्या सँ-फेर्दिनां चौकात त्याचं दगडी स्मारक आहे, वाफेच्या लोटांतून बाहेर येणाऱ्या गाडीवर बसलेलं.