केंद्रकरंध्रांची देखभाल

पेशीच्या केंद्रकाला दोन पदरांचे आवरण असते. हे पदर जिथे एकमेकांना मिळतात, तिथल्या प्रथिनांच्या दारांना केंद्रकरंध्रे म्हणतात. पृष्ठवंशीय प्राण्यांत रंध्राचा बाहेरचा व्यास सुमारे १२० नॅनोमीटर असतो. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक ठळक दिसते, रंध्र मात्र दिसत नाही. सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील साधा सूक्ष्मदर्शक वेगळा दाखवू शकत नाही.

प्रत्येक रंध्रात सुमारे ३० प्रकारची न्यूक्लिओपोरिन प्रथिने आठाच्या पटीत बसलेली असतात. मधल्या पोकळीत लवचीक धाग्यांची जाळी असते. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) लहान रेणू तिच्यातून आपोआप जातात. मोठ्यांना इम्पोर्टिन, एक्स्पोर्टिन यांसारखी वाहक प्रथिने लागतात.

विभागणाऱ्या प्राणिपेशीत केंद्रकावरण मोडते आणि रंध्रे नव्याने बांधली जातात. मेंदूतील चेतापेशी विभागत नाहीत. खरी अडचण तिथे आहे. धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या फडांत, म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतपट्ट्यांत, पाणी सोडण्याआधी पाटातला गाळ काढता येतो, पण रंध्राचा पाट कधीच बंद ठेवता येत नाही. नप-१५३ (नप म्हणजे न्यूक्लिओपोरिन) सारखी कडेची प्रथिने सतत बदलली जातात. सांगाड्याची प्रथिने मात्र फार सावकाश बदलतात; उंदरांच्या मेंदूत त्यांतली काही वर्षभराहून अधिक टिकलेली आढळली. वय वाढते तसे नप-९३ सारखे घटक गळतात, जाळी सैल पडते आणि एरवी बाहेर राहणारे ट्युब्युलिन केंद्रकात शिरते.

चुकीच्या जुळणीवर पेशी पहारा ठेवते. यीस्टमध्ये एस्कॉर्ट-३ ही पेशीपटलांना आकार देणारी व दुरुस्त करणारी प्रथिनांची यंत्रणा सदोष रंध्रांवर काम करते. बिघडलेली रंध्रे मातृपेशीतच अडवली जातात, म्हणून कन्यापेशीला निरोगी वाटा मिळतो. नत्राची उपासमार झाल्यास नप-१५९ हे पेशीच्या स्वपचन यंत्रणेतल्या एटीजी-८ प्रथिनाला धरते आणि रंध्रे रिक्तिकेत (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) नेऊन पचवली जातात.

हाच पहारा वाजवीपेक्षा वाढला तर घात होतो. एएलएस या चेतापेशी झिजवणाऱ्या आजारात एस्कॉर्ट यंत्रणेतले सीएचएमपी-७ हे प्रथिन केंद्रकात साठते, पोम-१२१ सह अनेक न्यूक्लिओपोरिन घटतात आणि टीडीपी-४३ या प्रथिनाचे केंद्रकातले काम बिघडते. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिन नप-९८ ला चिकटून वाहतूक बिघडवते. एएलएस रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत सीएचएमपी-७ कमी केल्यावर रंध्रांची घडण सुधारली आणि टीडीपी-४३ चे कामही सावरले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.