दर दोन तासांनी खाल्लं की चरबी जळते?

इंदुरातल्या आपल्या मराठी घरांत हमखास ऐकू येतं, "अहो, थोडं थोडं सारखं खा, चयापचय वाढतो." नाही वाढत. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्चतं हे खरं. पण तो खर्च काय आणि किती खाल्लं यावर ठरतो, किती वेळा खाल्लं यावर नाही. प्रथिनांतल्या साधारण २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच जातात, कर्बोदकांतल्या ५ ते १०, तेलातुपातल्या जेमतेम ० ते ३. म्हणजे १०० कॅलरींची शेव (पोह्यांवर ती नसेल तर ते इंदूर कसलं!) तीन हप्त्यांत खाल्ली तरी हिशेब तोच. उलट डब्यात सारखा हात गेला की बेरीज नकळत फुगते. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.