‘आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत’ हे आता खरं नाही

पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या शाळेच्या फाटकापाशी, रिक्षाकाका पोरांची दप्तरं टांगत असताना, हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते एकेकाळी खरंही होतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई होती. म्हणजे परीक्षाच नव्हती असं नाही बरं का! वर्षभराची तोंडी कामं, प्रकल्प, स्वाध्याय म्हणजे ‘आकारिक’ आणि सत्राअखेरचा पेपर म्हणजे ‘संकलित’ मूल्यमापन, हे चालूच होतं. प्रगतिपुस्तकातला ‘ब-२’ पाहून शेजारच्या वहिनी हबकल्या होत्या. अहो, ते ६१ ते ७० टक्के!

२०१९ साली कायदा बदलला आणि पाचवी-आठवीचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. महाराष्ट्राने २०२३-२४पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर आधी जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तिथेही अडलं तरच तोच वर्ग पुन्हा. शाळेतून काढता मात्र येत नाही. सहावी-सातवीला हे लागू नाही, म्हणून तिथली ढिलाई थेट आठवीत अंगाशी येते.

आणखी एक घोळ: २०२५-२६पर्यंत पाचवी-आठवीला असलेली स्कॉलरशिप परीक्षा आणि ही वार्षिक परीक्षा एकच समजतात. स्कॉलरशिप ऐच्छिक असते, ती इथल्याच राज्य परीक्षा परिषदेची. तिच्या निकालाचा वर्ग बदलण्याशी काडीचा संबंध नाही.