म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण? नाही हो!

हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की सगळं आयतं हातात दिलं की म्हातारी माणसं खूश, असं आपण धरूनच चालतो. शर्टाचं बटण लावायला थरथरत्या बोटांना पाच मिनिटं लागतात. आपण घाईने लावून टाकतो. हळूहळू ती बोटं प्रयत्नच सोडतात. मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांना वृद्धाश्रमांतल्या निरीक्षणांत हेच दिसलं : मदतीची गरज दाखवली की लक्ष मिळतं, स्वतःचं स्वतः केलं तर सहसा कुणी बघतही नाही. म्हणजे परावलंबन काही अंशी आपणच शिकवतो (प्रेमानेच, हेही खरं). म्हातारपणाशी चांगलं जुळवून घेणारे मात्र हिशेबी असतात. अंघोळीला मदत घेतील, वाचलेली ताकद पत्त्यांच्या डावासाठी राखतील. पाणी किती गरम हवं, ते मात्र स्वतःच सांगतील.