डिझेल मारलं म्हणजे गंज टळला?

पावसाळा तोंडावर आला की दर वर्षी तोच सल्ला फिरतो: गाडीच्या चकचकीत भागांवर डिझेलचा बोळा फिरवा, गंज धरणार नाही. बोळा फिरवला की क्रोम झळकतं खरं, पण ती चमक नुसत्या तेलकटपणाची. डिझेलचा थर पातळ, पावसात फार टिकत नाही. उरलेल्या चिकट्यावर धूळ बसते आणि ती ओल धरून ठेवते. शिवाय रबरी सील फुगायची भीती वेगळीच.

मुळात क्रोम तांबडं होत नाही, गंजतं ते त्याखालचं लोखंड. मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि चिरा असतात. तिथून पाणी शिरतं आणि तांबूस ठिपके वर येतात. तेव्हा आधी गोड्या पाण्याने धुवा (कोकण किनाऱ्यावर तर नेमाने, खाऱ्या वाऱ्याने मीठ बसतं), खडखडीत कोरडं करा, मग मेणाचं पॉलिश. उघड्या नट-बोल्टना ग्रीसचा हात पुरे.

ब्रेकच्या डिस्कला मात्र काहीही लावू नका. रात्रीत धरलेला तिथला तांबूस थर पहिल्या काही ब्रेकांत घासून जातो. डिझेल लागलं तर ब्रेकच धरत नाही, आणि बहुधा पॅडही बदलावे लागतात.